दीनाबाईंनी गाळलेला शब्द

दीनाबाईंना प्रार्थनेत बसवत नसे. गुडघे दुखत असतील असं तुम्ही म्हणाल, पण तसं काही नव्हतं. बाई काटक होत्या, कर्जतच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढ चढून आल्या तरी त्यांना दम लागायचा नाही. पण चटईवर बसून डोळे मिटले की थोड्या वेळातच त्यांची बोटं वळवळायला लागायची, आणि मग त्या उठायच्याच. घर कुणाचं का असेना. चुलीवरचं दूध बघून यायच्या, दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायच्या, सुपातले तांदूळ निवडायला घ्यायच्या, आणि हे चालू असताना तोंडाने प्रार्थनाही चालू. "प्रभू, सगुणाच्या धाकट्याचा ताप उतरव, आणि सगुणा, डाळीला पाणी कमी पडलंय गं तुझ्या." दोन्ही एकाच आवाजात. आम्ही 'आमेन' म्हणायचो तेव्हा तो तापाला म्हटला की डाळीला, हे आमचं आम्हालाही कळायचं नाही.

आमच्या चर्चच्या पाळकांना हे पसंत नव्हतं. एकदा त्यांनी समजावलं, दीनाबाई, देवासमोर थोडं शांत बसावं. तर म्हणाल्या, "शांत बसले की मला झोप येते, नायतर राग येतो. दोनातलं कुठलं देवाला आवडेल ते तुमी सांगा." पाळकांनी विषय बदलला.

मी नगरकडची. लग्नानंतर काही वर्षांनी या घाटाखालच्या कर्जतला आले ती आमच्या प्रभाकररावांच्या रेल्वेतल्या नोकरीपायी. बघा, नवऱ्याचं नाव मी किती सहज लिहून गेले. ही सवय दीनाबाईंची, आणि तीच गोष्ट सांगायला मी बसले आहे.

कर्जतला आमची मंडळी लहान होती. मंडळी म्हणजे आमच्याकडे चर्चची माणसं, बायको नव्हे. रेल्वेतले काही, शाळेतले काही, दवाखान्यातले काही, एवढ्यांची मिळून मंडळी. पत्र्याचं प्रार्थनाघर होतं. बायकांचं भगिनी मंडळ मात्र गुरुवारी दुपारी पाळीपाळीने कुणा ना कुणाच्या घरी भरायचं. गीत, वचन, प्रार्थना, चहा. मी गेले तेव्हा ते असं होतं, की एकीने म्हणायचं, आजाऱ्यांसाठी मागू या. दुसरीने म्हणायचं, गरिबांसाठी मागू या. मग तुमचं कसं काय, असं विचारलं की सगळ्या म्हणायच्या, ठीक आहे, देवाची कृपा आहे. आणि आपापलं ओझं पदराखाली झाकून सगळ्या घरी. मी घरी जाताना जास्तच एकटी होऊन जायची.

त्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा रिवाज आमच्यातही होताच. धर्म बदलला म्हणून जीभ थोडीच बदलते. त्यामुळे प्रार्थनेत सगळ्यांचे नवरे म्हणजे 'हे'.

यातूनच तो गोंधळ झाला. दावीद मास्तर आमच्या मंडळीतले फार कडक गृहस्थ, चहासुद्धा घेत नसत. त्यांचं मुंबईला पोटाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्या बायकोने एका गुरुवारी म्हटलं, ह्यांच्यासाठी प्रार्थना करा. त्याच दिवशी सगुणाही मान खाली घालून म्हणाली, ह्यांच्यासाठी करा. सगुणाचा नवरा पीटर पीत असे. सगळ्यांना माहीत होतं, पण बोललं कधीच गेलं नव्हतं. पाळकांच्या बाई गावात नवीन होत्या. त्यांना कुणीतरी कानात सांगितलं, एक आजारी आहे, एक पितो. कोणाचा कोण, हे त्यांनी आपल्या मनाने धरलं. मोठ्याने प्रार्थना केली की मास्तरीणबाईंच्या यजमानांना दारूच्या बंधनातून सोडव, आणि सगुणाच्या यजमानांना लवकर पायांवर उभं कर, चालू लागू दे.

मागे दीनाबाई कुणाचा तरी दिवा पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "तो चालतोयच की. थेट गुत्त्यापर्यंत."

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण पुढे मास्तर बरे होऊन आले, आणि उपासनेनंतर एका म्हाताऱ्या भल्या माणसाने त्यांना बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, मास्तर, खचू नका, आमच्या बायका तुमच्यासाठी मागतायत, सुटेल हळूहळू. मास्तरांना आधी कळेचना काय सुटेल. कळलं तेव्हा त्यांनी बायकोशी बोलणं टाकलं.

पुढच्या गुरुवारी दीनाबाईंनी कायदा केला. उंबऱ्यातच उभ्या होत्या, हातात लाटणं. "आजपासून नाव घ्यायचं. देवाला ठाऊक हाय गं कोण ते, पण आमाला नाय ना ठाऊक. ओझ्याला हात लावायचा तर ओझं कुठाय ते दिसाया नको?"

बायका लाजून लाल. एक म्हणाली, जिभेवर येत नाही. दीनाबाई म्हणाल्या, "मंगळसूत्राला मणी ओवताना येतं, बारशाला येतं, तिथं उखाणा घालता. मग इथं घाला. देवाला यमक चालतं."

सगुणा बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली. मग एकदम म्हणाली, "उल्हास नदीच्या काठी पांढरा बगळा, पीटररावांचा नाद सुटू दे, देवा, सगळा."

अशा हसलो आम्ही. पाळकांच्या बाईसुद्धा हसल्या. सगुणाही हसत होती, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं, कारण नवरा पितो हे तिने आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने म्हटलं होतं. शेजारच्या दोघी तिच्याजवळ सरकल्या, एवढंच. आमचं भगिनी मंडळ खरं सुरू झालं ते त्या दिवशी, असं मी धरते. माझा देवावर विश्वास होता, नव्हता असं नाही, पण तो ट्रंकेत घडी करून ठेवलेल्या लुगड्यासारखा होता. तो अंगावर घालायचा असतो हे मला तिथे कळलं.

माझंही सांगते, थोडक्यात. मी दर वेळी 'ठीक आहे' म्हणायची. एका शुक्रवारी सकाळीच दीनाबाई दारात. आत आल्या, न विचारता माझ्या भाकरीच्या परातीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, काल तू खोटं बोललीस. मी सांगितलं मग. नगरला असताना मला मुलगा झाला होता, मेलेलाच. सासूबाईंनी म्हटलं होतं, त्याचं काही बोलू नये. दीनाबाई भाकरी थापत ऐकत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "नाव काय ठेवणार होतीस?"

मी म्हटलं, ठेवलंच नाही ना.

"ठेवणार होतीस ते विचारते."

"सुमंत."

"मग घे की नाव. नाव नसल्यानं तो नव्हता असं थोडंच होतं."

गुरुवारी मी घेतलं. आणि त्या बायकांनी, ज्यांनी त्याला पाहिलं नव्हतं, त्यांनीही घेतलं. यावर मी आणखी लिहीत नाही.

तर अशी ही बाई, सगळ्यांच्या तोंडून नावं काढणारी. आणि हिच्याच प्रार्थनेत एक भोक होतं, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

आमच्या प्रार्थनेची एक ठरलेली भाषा असते. रोग्याला आरोग्य दे, निराधाराला आधार दे, दुःखितांचं शांतवन कर. शांतवन म्हणजे सांत्वनच, पण आमच्यात हाच शब्द चालतो. पोशीरकडे कुणी वारलं होतं, आम्ही भेटायला गेलो, दीनाबाईंनी प्रार्थना केली. आधी सगळं भरभर, आणि तिथे येऊन अडकल्या. "दुःखितांचं..." मग हाताने काहीतरी झटकल्यासारखं करून, "तेवढं कर, प्रभू." मला वाटलं, विसरल्या. पुढच्या मयताच्या घरीही तेच. "यांचं तेवढं कर, प्रभू." परत येताना मी सगुणाला विचारलं, दीनाबाईंना तो शब्द येत नाही का?

सगुणा थांबली. म्हणाली, "तुला ठाऊक नाय? नवऱ्याचं नाव हाय ते. शांतवन."

मला आधी हसू आलं. साऱ्या बायकांना उखाणे घालायला लावणारी ही, आणि स्वतः देवाकडे सांत्वनसुद्धा मागू शकत नाही. मग सगुणाने पुढचं सांगितलं तेव्हा हसू गेलं. शांतवनराव खोपोलीला एका कारखान्यात होते. आधी शनिवारी घरी यायचे. मग एक शनिवार सोडून एक. मग सणाला. खोपोलीत त्यांनी घर केलं होतं, सुकी मासळी विकणाऱ्या एका बाईबरोबर. दीनाबाईंची मुलगी लग्न होऊन लोधिवलीला गेली होती. घरात त्या एकट्याच, बालवाडीच्या नोकरीवर. सगळ्या मंडळीला हे माहीत होतं आणि कुणीही कधी बोलत नव्हतं. आणि ते नाव ना त्यांना घेता येई, ना टाकता येई.

मग मला त्यांचं उठणं-बसणं निराळं दिसायला लागलं. बसलं की राग येतो, असं म्हणाल्या होत्या ना पाळकांना. ते त्यांनी खरंच सांगितलं होतं.

आणीबाणीच्या आगेमागे दवाखान्यात रजनी नावाची नर्स आली. वीस-बावीसची, सरळ स्वभावाची. मंडळात येऊ लागली. नाव घ्यायचा रिवाज तिला फार आवडला. एका गुरुवारी सगुणाच्या घरी चहा चालला होता, दीनाबाई किटली घेऊन फिरत होत्या, आणि तिने अगदी प्रेमाने विचारलं, "दीनाबाई, तुमच्या यजमानांचं नाव आम्ही कधी ऐकलंच नाही. त्यांच्यासाठी काय मागायचं?"

दीनाबाईंनी किटली खाली ठेवली. "माझं दूध चुलीवर हाय," म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यांच्या घरी दूध येतच नसे. काळा चहा प्यायच्या त्या.

पुढचा गुरुवार आल्या नाहीत. त्याच्या पुढचाही. रजनी रडवेली झाली, तिला कुणी बोललं नाही, पण तिचं तिला कळलं. आणि मंडळ असं काही बदललं की काय सांगू. कुणी उठत नव्हतं, कुणी मध्ये बोलत नव्हतं, पाळकांना हवी होती तशी शांतता. आणि त्या शांततेत हळूच पुन्हा 'ठीक आहे' आलं. 'ह्यांच्यासाठी' आलं. मला बसवेना. माझीच बोटं वळवळायला लागली.

सगुणाच म्हणाली शेवटी, ती येत नाही तर आपण जाऊ. आम्ही गुरुवारी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. दार अर्धं लोटलेलं. आत भांडी घासल्याचा आवाज. आम्ही गीत धरलं, तसा आवाज वाढला. पातेल्यांचा नुसता ठणठणाट. गीत संपलं तरी बाई बाहेर येईनात. सगुणाने प्रार्थना सुरू केली, प्रभू, आमची बहीण दीना...

"शेवंता," आतून आवाज आला.

सगुणा थांबली.

"माझं नको. शेवंताचं नाव घ्या." दीनाबाई दारात आल्या, हाताला राख. "खोपोलीची. तिच्या पोटात गाठ हाय. रविवारी तो आला होता. या इथं बसून रडला, तिच्यासाठी. माझ्या दारात."

सगुणाने मांडीवरचं गीतपुस्तक मिटलं.

"आणि मला बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "ती मरेल म्हणून बरं वाटलं मला. आता हे घेऊन मी कुठं बसू तुमच्यात? माझ्या तोंडातून तिच्यासाठी चांगलं निघत नाय. तुमी मागा. मला जमलं तर आमेन म्हणीन."

आम्ही मागितलं. नाव घेऊन मागितलं, शेवंताला बरं कर. सगळ्यांनी आमेन म्हटलं. दीनाबाईंनी नाही म्हटलं. त्या आत जाऊन पुन्हा भांड्यांना लागल्या. निघताना मात्र रजनीला हाक मारून तिच्या हातात गवती चहाची जुडी दिली. "तुझं काय चुकलं नाय गं पोरी," एवढंच.

दीनाबाई मंडळात परत यायला लागल्या. दर गुरुवारी कुणीतरी शेवंताचं नाव घ्यायची, आणि दर वेळी आमचे कान मागे. तिथे नुसता सुपाचा आवाज. शेवंताला मुंबईला नेलं, ऑपरेशन झालं, ती परत आली, तरी सूपच. नाताळ जवळ आला असेल, करंज्यांचं सारण ढवळत होत्या, तेव्हा शेवंताच्या नावावर मागून 'आमेन' आलं. कसं, तर उधारी मागायला आलेल्याला 'देते' म्हणावं तसं, चिडून. पण आलं. सगुणाने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

म्हणून त्यांना शांती मिळाली असं काही नाही. लोक उपासनेत उभं राहून साक्ष देताना सांगतात ना, त्या दिवसापासून माझं मन शांत झालं. दीनाबाईंनी कधी तसं सांगितलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "शांती कुठली. पण रागाला आता सोबत हाय." आणि प्रार्थनेत ते भोक तसंच राहिलं. दुःखितांचं तेवढं कर, प्रभू. आम्हालाही सवय झाली. तिथे आल्यावर आम्ही मनातल्या मनात तो शब्द भरायचो, त्यांच्या वतीने.

काही वर्षांनी शांतवनराव गेले. कारखान्याच्या दारातच छातीत कळ आली. माणूस आमचा, म्हणून रविवारी माती कर्जतलाच झाली. दीनाबाई कबरीशी ताठ उभ्या होत्या, रडल्या नाहीत. कुंपणाच्या बाहेर, करवंदीच्या जाळीपाशी एक बाई एकटीच उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. आत यायला तिला कोण म्हणणार, आणि कोणत्या नात्याने? दीनाबाईंनी तिला पाहिलं, हे मी पाहिलं. त्यांनी मान फिरवली. पाळकांनी प्रार्थनेत शांतवन हा शब्द उच्चारला तेव्हा त्यांचा जबडा हललेला मला दिसला. मूठभर माती टाकली आणि आमच्या आधी निघून गेल्या.

तेव्हा आमची सोलापूरला बदली झालेली होती. घरात खोकी, पोती, बांधाबांध. गुरुवारी मी मंडळात निरोप घ्यायला गेले, तर दीनाबाई पायात चपला घालूनच उभ्या. "खोपोलीला जायचंय. कोण येतं?"

सगुणा निघाली. मीही निघाले. घरी बांधाबांध पडली होती, पण पाय राहीनात.

पळसदरीवरून गाडी गेली तेव्हा धरणाकडे बघायच्या निमित्ताने त्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. सगुणा म्हणाली, बसा, पडाल. नाही बसल्या. खोपोलीत उतरून विचारत विचारत आम्ही एका चाळीच्या मागच्या खोलीशी आलो. शेवंता आम्हाला बघून उठली आणि भिंतीला लागून उभी राहिली. तिला वाटलं असणार, ही काहीतरी न्यायला आली आहे. खुंटीवर पुरुषाचा सदरा होता. चूल गार. कोपऱ्यात मासळीची टोपली, तशीच बांधलेली.

दीनाबाईंनी खोलीभर बघितलं. मग स्टोव्ह पेटवला. तांदूळ कुठे आहेत ते स्वतःच हुडकले, कळशीतलं उरलंसुरलं पाणी पातेल्यात घातलं. "रविवारपासून खाल्लं नायस," म्हणाल्या. दीनाबाईच बोलत होत्या, तांदळात खडे किती, स्टोव्हची वात किती वर, खिडकीला पडदा नाही. भात झाला, ताटलीत वाढून तिच्यासमोर ठेवला. तिने भिंतीकडे तोंड केलं, जेवेना. तेव्हा दीनाबाई गप्प झाल्या, ओले हात पदराला पुसले आणि उभ्यानेच डोळे मिटले. आम्हीही मिटले.

"प्रभू, ही शेवंता," त्या म्हणाल्या. "हिला तू ओळखतोस. हिचं..."

आणि थांबल्या. मी आणि सगुणा, आम्ही सवयीने मनात तो शब्द भरायला गेलो. पण 'तेवढं कर' आलं नाही. नुसता स्टोव्हचा आवाज. मी डोळे उघडले. दीनाबाईंचे डोळेही उघडले होते, नजर खुंटीवरच्या सदऱ्याकडे.

"हिचं शांतवन कर," त्या म्हणाल्या. "आणि माझं."

शेवंता काही आमच्यातली नव्हती. आमचा प्रार्थनेचा शब्द तिने कधी ऐकलेला नव्हता. तिला त्यात फक्त एक माणूस ऐकू आला. तिने भिंतीपासून तोंड वळवलं आणि हळूच विचारलं, "बाई, त्यांचं नाव घेतलंत?"

"घेतलं," दीनाबाई म्हणाल्या. "जेव आता." आणि रिकामी कळशी उचलून नळाकडे गेल्या.

शेवंताने पहिला घास घेतला तेव्हा मी मुद्दाम तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिले. नळावर रांग होती. दीनाबाईंना रांगेत उभं राहवत नव्हतं. कुणाची घागर सरळ करत होत्या, कुणाच्या पोराचं नाक पुसत होत्या. मग पुढच्या अनोळखी बाईला त्यांनी काहीतरी विचारलं. ती बाई लाजली, इकडेतिकडे बघितलं, आणि तोंडावर पदर घेऊन काहीतरी सांगितलं. दीनाबाईंनी मान हलवली. घरच्या बांधाबांधीपायी मी तशीच पुढची गाडी धरली; त्यांना शेवटचं पाहिलं ते तसं.